परिचारिका हवी, पण तिचे मोल कोण देणार?

- विशेष प्रतिनिधी

बारावीचा निकाल हाती पडला की शहरी मध्यमवर्गीय घरांतून दरवर्षी तीच आकडेमोड सुरू होते. एमबीबीएस मिळण्याइतके गुण नाहीत, बीडीएसचे शुल्क परवडण्याजोगे नाही, फार्मसीची हव्या त्या महाविद्यालयातील जागा हुकली. मग कोणीतरी, काहीशा संकोचानेच, विचारतो, 'नर्सिंगचे काय?' या प्रश्नावर घरात क्षणभर शांतता पसरते. मुलगी असेल तर रात्रपाळीचा आणि पुढे लग्नाचा विषय निघतो. मुलगा असेल तर 'हे काय मुलांचे काम आहे का?' असे उघडपणे म्हटले जाते. परिचर्या हे क्षेत्र आपल्याकडे निवडले जाण्याऐवजी बहुतेक वेळा 'उरले म्हणून' स्वीकारले जाते, ते असे.

गंमत म्हणजे, ज्या समाजाला आपल्या मुलीने परिचारिका व्हावे असे वाटत नाही, त्याच समाजाला रुग्णालयात गेल्यावर चांगली परिचारिका हवी असते. २२ मार्च २०२० च्या सायंकाळी देशभरातील सज्जांतून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्याच वर्षी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होत असल्याने, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका व प्रसविकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या टाळ्यांचा आवाज विरून आता बराच काळ लोटला आहे. मागे उरलेला प्रश्न मात्र व्यवहाराचा आहे. आज अठरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने या वाटेला जावे का? आणि जावे तर नेमके काय जाणून घेऊन?

मागणीचे गणित

आधी मागणीकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि तरीही ५८ लाखांची तूट आहे. दर सात परिचारिकांपैकी एक आपल्या जन्मदेशाबाहेर काम करते. श्रीमंत देशांची लोकसंख्या वृद्ध होत आहे, त्यांच्या स्वतःच्या परिचारिका निवृत्त होत आहेत आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी त्यांची नजर भारत व फिलिपिन्ससारख्या देशांकडे वळली आहे.

भारतातील चित्र वरवर पाहता समाधानकारक वाटते. परिचर्या परिषदांकडे नोंदणी झालेल्यांची संख्या ३३ लाखांवर गेल्याचे केंद्र सरकारने यापूर्वीच संसदेत सांगितले आहे. म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे दोनच्या आसपास. अपेक्षित प्रमाण तीनचे मानले जाते. मात्र नोंदणी आणि प्रत्यक्ष सेवा या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोंदणीपुस्तकात नाव असलेली परिचारिका निवृत्त झालेली असू शकते, परदेशी गेलेली असू शकते किंवा लग्नानंतर घरी बसलेलीही असू शकते. कागदावरची संख्या आणि कक्षात उभी असलेली संख्या यांतील हे अंतर रुग्णाला चांगलेच जाणवते.

ही तूट भरून काढण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये १५७ नव्या शासकीय परिचर्या महाविद्यालयांना मंजुरी दिली. २०१४ नंतर सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच ती उभी करायची, त्यासाठी १,५७० कोटी रुपये खर्च करायचे आणि दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर तयार करायचे, अशी ही योजना आहे. म्हणजे मागणी आहे आणि जागाही वाढत आहेत. अडचण आहे ती या दोहोंच्या मध्ये कोठेतरी.

रमाबाईंच्या काळापासूनचा संकोच

मराठी समाजाचा या व्यवसायाबाबतचा संकोच आजचा नाही. रुग्णाच्या शरीराला हात लावणे, मलमूत्र साफ करणे, परक्या पुरुषाची सेवा करणे ही कामे एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय घरांना आपल्या मुलीसाठी अशक्यच वाटत. हे काम आले ते प्रामुख्याने मिशनरी रुग्णालयांतून. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयाने परिचारिका घडविण्याचे मोठे काम केले. हिंदू घरांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, या वाटेवर आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी रमाबाई रानडे यांच्याकडे जाते. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या सहकार्याने परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली, तेव्हा लोकनिंदा सोसतच या मुली कक्षात उभ्या राहिल्या. ज्या काळात विधवेला घराच्या कोपऱ्यात बसविले जाई, त्या काळात स्वतःच्या मिळकतीवर जगण्याची ही एक प्रतिष्ठित वाट होती.

स्वातंत्र्यानंतर शिक्षिका, कारकून, बँक कर्मचारी असे अन्य पर्याय खुले झाले आणि शहरी मराठी मुलींचा या क्षेत्राकडील ओघ मंदावला. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतील जागा केरळहून आलेल्या परिचारिकांनी भरल्या. 'सिस्टर' म्हटले की मल्याळी चेहराच डोळ्यांसमोर यावा, इतके ते समीकरण पक्के झाले. आपले गाव सोडून, परक्या भाषेच्या प्रांतात, वसतिगृहात राहून त्या मुलींनी जी शुश्रूषा केली, तिच्या बळावर या शहरांतील कित्येक रुग्णालये चालली. केरळने या व्यवसायाकडे कुटुंबाच्या उन्नतीचा मार्ग म्हणून पाहिले. आपण त्याकडे नाइलाज म्हणून पाहिले. दोन्ही राज्यांच्या दृष्टीतला फरक तेथेच आहे.

आता हे चित्र बदलू लागले आहे. मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातील शेतकरी व कष्टकरी घरांतील मुली मोठ्या संख्येने या अभ्यासक्रमांना येत आहेत. त्यांच्यासाठी ही पहिली पगारी नोकरी आहे, आणि अनेकदा घरातलीही.

शिक्षणाच्या पायऱ्या

'नर्सिंग' हा एकच अभ्यासक्रम आहे, असा बहुतेक पालकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही आणि पुढील तीस वर्षांची दिशा या पहिल्या निवडीवरच अवलंबून असते.

सर्वांत खालची पायरी दोन वर्षांच्या एएनएमची, म्हणजे साहाय्यकारी परिचारिका प्रसाविकेची. उपकेंद्रांत लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी अशी ग्रामीण आरोग्याची कामे या परिचारिका करतात. हा अभ्यासक्रम मुख्यत्वे मुलींसाठी आहे. त्यानंतर तीन वर्षांचा जीएनएम हा पदविका अभ्यासक्रम. त्यासाठी बारावीला विज्ञान शाखाच हवी असे बंधन नाही. त्यामुळे कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही तो खुला आहे. तिसरी पायरी चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंग पदवीची. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असतात. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते आणि प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीधर होता येते. त्यानंतर दोन वर्षांची एमएस्सी आणि पीएच.डी. आहे. अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला आहे.

येथे पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. 'नर्सिंग असिस्टंट', 'बेडसाइड केअर' अशा नावांचे सहा महिन्यांचे वा वर्षभराचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्था प्रत्येक शहरात आहेत. घरगुती रुग्णसेवेसाठी अशी माणसे हवीच असतात आणि ते काम कमी प्रतीचे नाही. परंतु त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. आणि नोंदणी नसेल तर शासकीय नोकरी नाही, परदेश नाही आणि पुढचे शिक्षणही नाही. दोन्हींतील फरक प्रवेशाच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही. तो कळतो तोवर पैसे भरून झालेले असतात.

रात्रपाळीचे वास्तव

या व्यवसायाचे स्वरूप माहितीपत्रकातून कळत नाही. काही काळापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने प्रस्तुत प्रतिनिधीला एका खासगी रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रात्री काढाव्या लागल्या. कक्षात अठरा खाटा, सर्व भरलेल्या. आणि रात्री नऊनंतर एक सिस्टर व एक मावशी. कोणाचे सलाइन संपलेले, कोणाला उलटी होत असलेली, कोणाचा ताप चढलेला, कोणाचे नातेवाईक 'डॉक्टरांना आत्ताच बोलवा' म्हणून हटून बसलेले. प्रत्येक इंजेक्शनची, प्रत्येक थर्मामीटरच्या आकड्याची नोंद कागदावर व्हायलाच हवी. पहाटे तीनच्या सुमारास त्या सिस्टरने टेबलाशी उभ्यानेच डबा उघडला आणि दोन घास होतात तोच सातव्या खाटेवरची घंटा वाजली. डबा तसाच राहिला. सकाळी सुटी होण्यापूर्वी तिने अठरा जणांची माहिती पुढच्या पाळीला एकेक करून सांगितली. एकाही औषधात चूक नव्हती.

त्या सिस्टरचे कौतुक करावे तितके थोडे. पण तो कक्ष कौतुकावर चालत होता, हेच चिंतेचे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक. हे प्रमाण प्रत्यक्षात किती ठिकाणी पाळले जाते, हे आपल्या ओळखीतील कोणत्याही परिचारिकेला विचारावे.

हा प्रश्न केवळ परिचारिकेच्या दमणुकीचा नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांचा लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेवर सरासरी एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. म्हणजे वेतनपत्रकातून वाचविलेल्या एका परिचारिकेची किंमत कोणत्या ना कोणत्या खाटेवरचा रुग्ण चुकवीत असतो.

वेतन : दोन टोके

वेतनाच्या बाबतीत या व्यवसायात दोन वेगवेगळी जगे नांदतात. राज्य शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेला सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपये मूळ वेतनापासून सुरुवात असलेली श्रेणी आहे. त्यावर महागाई व घरभाडे भत्ता वेगळा. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत आणि 'एम्स'मध्ये नर्सिंग ऑफिसर या पदाचे मूळ वेतन त्याच आयोगानुसार ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. पुढे परिसेविका, अधिसेविका अशा बढत्या किंवा पाठ्यनिर्देशिका म्हणून अध्यापनाची वाट आहे. सुरक्षित नोकरी, रजा, निवृत्तीनंतरची तरतूद असे मध्यमवर्गाला जे जे हवे असते, ते ते येथे आहे. नाहीत त्या पुरेशा जागा. आणि ज्या आहेत त्या वेळेवर भरल्या जात नाहीत.

दुसरे जग खासगी रुग्णालयांचे. तेथील परिचारिकांच्या अवस्थेकडे देशाचे लक्ष वेधले गेले ते २०११ मध्ये, मुंबईतील एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या मल्याळी परिचारिकेच्या आत्महत्येनंतर. नोकरी सोडू पाहणाऱ्या परिचारिकांकडून करारापोटी रक्कम मागणे, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे हे प्रकार तेव्हा चव्हाट्यावर आले. त्याच वर्षी केरळमध्ये युनायटेड नर्सेस असोसिएशन ही संघटना उभी राहिली आणि एकामागून एक संप झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतन व सेवाशर्तींचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

समितीच्या शिफारशी स्पष्ट होत्या. दोनशेपेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतकेच वेतन असावे. शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात ते दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावे. पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयात पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावे. आणि त्याहून लहान रुग्णालयातही किमान २० हजार रुपये द्यावेत. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने पुढचा चेंडू राज्यांच्या अंगणात गेला. केरळमध्ये परिचारिकांनी बेमुदत संपाचा इशारा दिल्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतन २० हजार करणारी अधिसूचना निघाली. अन्यत्र अंमलबजावणीची गती मंदच राहिली. तो किमान आकडा आजही अनेक लहान रुग्णालयांत गाठला जात नाही, ही या क्षेत्रातील उघड गोष्ट आहे.

परिचारिकांची टंचाई असेल तर त्यांचे वेतन वाढायला हवे, असे अर्थशास्त्राचा साधा नियम सांगतो. येथे तो का चालत नाही? एक कारण म्हणजे अनुभवी परिचारिकांची टंचाई असली तरी नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यांची नाही. परदेशी जाण्यासाठी अनुभवाचे प्रमाणपत्र लागते, म्हणून नव्या मुली कमी पगारावरही पहिली दोन वर्षे काढतात. रुग्णालयांना हे ठाऊक असते. एक बाहेर पडली की दुसरी रांगेत उभी असते. दुसरे कारण असे, की रुग्णाच्या देयकात डॉक्टरांचे शुल्क, औषधे, चाचण्या यांची स्वतंत्र ओळ असते. शुश्रूषा मात्र बहुधा खाटेच्या भाड्यातच विरघळून जाते. जिची किंमत देयकात दिसत नाही, तिचे मोल वाढविण्याची निकड व्यवस्थापनाला वाटत नाही.

शासकीय क्षेत्रातही सारे आलबेल आहे असे नाही. पदे कायमस्वरूपी न भरता बाह्यस्रोतांमार्फत भरण्याच्या धोरणाविरुद्ध मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांनी संप पुकारला होता. एकाच कक्षात, एकाच गणवेशात, तेच काम करणाऱ्या दोघींपैकी एक कायम आणि दुसरी कंत्राटी असेल, तर त्यांच्या वेतनातील तफावत कोणत्या तर्कावर टिकते, हा संपामागचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

जबाबदारी आणि सुरक्षितता

पालकांच्या मनातील सुरक्षिततेची भीती निराधार आहे, असे मुंबईत तरी कोणी म्हणू शकणार नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर त्याच रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने रुग्णालयाच्या आवारातच पाशवी हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या अचेतनावस्थेत होत्या. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला. त्या वेळी केईएमच्या परिचारिकांनी आपल्या सहकारिणीला मरण देण्यास विरोध केला होता. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी अरुणाला कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते, त्यांनीही तिला न्हाऊ-माखू घातले, भरविले. या व्यवसायाची असुरक्षितता आणि त्याची थोरवी, दोन्ही एकाच खाटेपाशी दिसली.

महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचार रोखण्यासाठी कायदा केला. त्याचे संरक्षण परिचारिकांनाही आहे. तरीही नातेवाइकांच्या संतापाला प्रथम तोंड देते ती परिचारिकाच, कारण कक्षात तीच असते. सुरक्षित विश्रांतिकक्ष, रात्री घरी सोडण्यासाठी वाहन, स्वतंत्र स्वच्छतागृह या साध्या गोष्टी अजूनही सर्वत्र नाहीत.

दुसरी बाजू उत्तरदायित्वाची. तत्कालीन अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला नोव्हेंबर २०२१ मध्ये आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर ज्यांना अटक झाली, त्यांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. कोणाची चूक किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम. मात्र वीजव्यवस्था आणि अग्निसुरक्षा यांबाबतचे निर्णय ज्यांच्या हाती नसतात, त्यांच्याच दारी पोलीस प्रथम का येतात, असा प्रश्न परिचारिकांच्या संघटनांनी तेव्हा विचारला. तो रास्त होता. अधिकार डॉक्टर व प्रशासनाकडे आणि जबाबदारी परिचारिकेकडे, ही विभागणी या व्यवसायातील असंतोषाचे मूळ आहे.

सातासमुद्रापार

अनेकांच्या दृष्टीने नर्सिंग म्हणजे परदेशाचे तिकीट. ते खोटे नाही. पण पूर्ण खरेही नाही. अमेरिकेसाठी 'एनक्लेक्स' ही परीक्षा आहे आणि ती उत्तीर्ण झाल्यावरही व्हिसाची प्रतीक्षा लांबू शकते. ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, त्यानंतर संगणकावरील चाचणी आणि तेथे पोहोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. शिवाय कोरोनानंतर तेथे झालेल्या मोठ्या परदेशी भरतीचा वेग आता मंदावला आहे. आखाती देशांतील वाट जुनी आणि तुलनेने जवळची, पण तीही धोक्यापासून मुक्त नाही. इराकमधील तिक्रित येथे युद्धात अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिका जुलै २०१४ मध्ये मायदेशी परतल्या, तेव्हा साऱ्या देशाने सुटकेचा निःश्वास टाकला होता. परदेशी नोकरीसाठी दलालांना लाखो रुपये मोजावे लागत असल्याच्या तक्रारी वाढल्यानंतर केंद्राने २०१५ मध्ये आखातासह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती शासकीय संस्थांमार्फतच करण्याचे बंधन घातले.

सध्या सर्वाधिक चर्चा आहे ती जर्मनीची. केरळच्या 'नोर्का' संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मन यंत्रणांशी करार करून परिचारिकांना तेथे पाठविण्याची व्यवस्था उभी केली. महाराष्ट्रानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे. जर्मनीची अट एकच, पण कठीण: भाषा. साधा परिचय नव्हे, तर रुग्णाशी आणि डॉक्टरांशी नीट बोलता येईल इतकी भाषा. ती शिकण्यास वर्ष-दीड वर्ष सहज लागते. त्यामुळे परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाची वाट न पाहता पहिल्या वर्षापासूनच भाषेचा अभ्यास सुरू करावा. आणि जो कोणी 'भाषेची गरज नाही, आम्ही सर्व पाहून घेतो' असे सांगेल, त्याच्या दारातून परत फिरावे.

नव्या वाटा

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात काही आशादायक बदलही झाले आहेत. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उभ्या राहिलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांवर 'समुदाय आरोग्य अधिकारी' म्हणून परिचर्येच्या पदवीधरांना संधी मिळाली. गावपातळीवर मधुमेह, रक्तदाब यांची तपासणी व पाठपुरावा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी केंद्राने प्रशिक्षित प्रसविकांच्या स्वतंत्र संवर्गासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा संमत केला. १९४७ च्या जुन्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी आलेल्या या कायद्यात शिक्षणाचा दर्जा, संस्थांचे मूल्यमापन आणि देशव्यापी नोंदणी यांची तरतूद आहे. कायद्याने दर्जा वाढेल की केवळ कार्यालयांची नावे बदलतील, हे अंमलबजावणी ठरवील.

मुलांसाठीही दार पूर्वीपेक्षा अधिक उघडले आहे. 'एम्स'मधील भरतीत पुरुषांसाठी वीस टक्के जागा आहेत. अतिदक्षता, अपघात विभाग, शस्त्रक्रियागृह, मनोरुग्णालय येथे 'ब्रदर'ची गरज सर्वांनाच पटलेली आहे. बायकांचे काम म्हणून ज्या कामाला कमी लेखले गेले, त्यात पुरुष आल्याने त्याची प्रतिष्ठा वाढेल काय, हा वेगळा प्रश्न. परंतु चार वर्षांच्या पदवीनंतर काम मिळण्याची एवढी शक्यता असलेली क्षेत्रे आज फार नाहीत, हे बेकार पदवीधरांच्या घरांना वेगळे सांगायला नको.

प्रवेशापूर्वी विचारावेत असे प्रश्न

निर्णय घेण्यापूर्वी पालकांनी संस्थेला काही प्रश्न थेट विचारावेत. संस्थेला या वर्षाची मान्यता आहे का, आणि ती परिषदेच्या यादीत दिसते का? संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का, असल्यास किती खाटांचे, आणि त्या खाटांवर खरोखर रुग्ण असतात का? कारण ही विद्या फळ्यावर शिकता येत नाही. ती खाटेपाशी उभे राहूनच येते. रिकाम्या कक्षात शिकलेली परिचारिका भरलेल्या कक्षात गोंधळून जाते. अध्यापकांची संख्या पुरेशी आहे का? वसतिगृह कसे आहे? शिक्षण पूर्ण झाल्यावर सेवेची सक्ती आहे का, आणि मूळ कागदपत्रे ठेवून घेतली जातात का? शक्य असल्यास तेथील तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीशी, संस्थाचालक समोर नसताना, दहा मिनिटे बोलावे. माहितीपत्रकापेक्षा ती दहा मिनिटे अधिक उपयोगी ठरतील.

विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न निराळा आहे. रक्त पाहून भोवळ येते का, हा तो प्रश्न नव्हे; ती सवयीने जाते. प्रश्न असा, की अनोळखी, चिडलेल्या, घाबरलेल्या माणसाजवळ पहाटे तीन वाजता शांत उभे राहण्याची आपली तयारी आहे का? शरीर, औषधे आणि यंत्रे यांविषयी सतत शिकत राहण्याची इच्छा आहे का? ज्यांचे उत्तर होय असेल, त्यांनी 'डॉक्टर होता आले नाही' ही खंत बाळगून येथे येऊ नये. परिचर्या ही वैद्यकाची खालची पायरी नव्हे. ती वेगळी विद्या आहे. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन जातात. उरलेले तास रुग्ण परिचारिकेच्या हवाली असतो.

तेव्हा नर्सिंगकडे जावे का, या प्रश्नाचे उत्तर 'जावे, पण डोळे उघडे ठेवून' असे द्यावे लागते. पदवी घ्यावी, चांगल्या रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेतूनच घ्यावी, शासकीय परीक्षांची आणि भाषेची तयारी आरंभापासून करावी, आणि संघटित राहावे. केरळच्या परिचारिकांना २० हजारांचा आकडा कोणाच्या कृपेने मिळाला नाही.

समाजाच्या वाट्याचे कामही थोडे नाही. आपल्या नातेवाइकाला दाखल करताना आपण डॉक्टरांची पदवी विचारतो, खोलीचे भाडे विचारतो, विमा चालतो का हे विचारतो. या कक्षात रात्री किती रुग्णांमागे एक सिस्टर असते, हे मात्र कोणी विचारत नाही. तो प्रश्न प्रत्येक रुग्णालयाच्या काउंटरवर रोज विचारला जाऊ लागला, तर व्यवस्थापनांना त्याचे उत्तर शोधावे लागेल. मग कदाचित बारावीच्या निकालानंतर 'नर्सिंगचे काय?' हा प्रश्न यादीच्या तळाशी राहणार नाही.